निधन नावाची फाईल

आमच्या दैनिकाच्या बातम्या त्या काळी एसटीनं यायच्या. दुपारी नगरच्या माळीवाडा स्टँडवर आमचा शिपाई उभा असे. शेवगावची गाडी लागली, अकोल्याची लागली, राहात्याची लागली, की कंडक्टर खिडकीतून हात काढून पाकीट द्यायचा. पाकिटाला डिझेलचा वास, कधी बिडीचा, कधी कुणाच्या पिशवीतल्या मेथीचा. पाकिटाच्या कोपऱ्यात वार्ताहर एकच शब्द लिही. अपघात, सभा, निधन. तालुक्याचं नाव लिहायची पद्धत नव्हती, कारण पाकीट कुठल्या गाडीतून उतरलं हे शिपायाला माहीत असे. तो ते माझ्या टेबलामागच्या लाकडी खणांत, ज्या त्या तालुक्याच्या खणात टाकून देई.

निधनवार्तांचा रकाना माझ्याकडे होता. वीसेक वर्षं मी तो केला. जिल्ह्यात कोण गेलं हे घरच्यांनंतर बहुधा मलाच कळायचं. सुरुवातीला रात्री झोपताना ती नावं डोक्यात फिरत. पुढं पुढं फिरेनाशी झाली. पन्नाशी ओलांडली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि दुपारी चारनंतर डोळ्यांपुढं अक्षरं पोहायची.

नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत पाकिटं बंद झाली.

भारती नावाची एक मुलगी आमच्याकडे काम करायला आली होती. मूळची राहात्याची, नगरला तंत्रनिकेतनात शिकवायची आणि दुपारनंतर आमच्याकडे. अंगानं काटकुळी, चेहरा कायम झोप अर्धवट झाल्यासारखा. तिनं अडगळीतला एक जुना संगणक काढला, त्याच्यावरची धूळ झटकली, आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स ही प्रणाली घातली. आमचे मालक-संपादक काकासाहेब रोज येऊन विचारत, "झालं का गं?" ती म्हणे, "होतंय." काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत असत. काकासाहेबांना त्यात काही दिसत नसे, पण फुकट आहे एवढं त्यांना पटलं होतं.

तिनं केलं ते असं. त्या संगणकाला दोन मोडेम जोडले, त्यांना दोन फोनच्या लाइनी. तालुक्याच्या वार्ताहरानं आपल्या गावातल्या एसटीडी बूथवरच्या किंवा टायपिंग क्लासातल्या संगणकावर बातमी टाइप करायची, फोन लावायचा, आणि फाईल आमच्याकडे ढकलायची. इकडं कंपोझिंगच्या मुलींच्या संगणकांवर एक फोल्डर दिसायचं, 'बातम्या' नावाचं. ते होतं त्या जुन्या संगणकात, पण दिसायचं सगळ्यांना, जणू आपल्याच मशिनीत आहे.

"ह्याला म्हणतात काय?" काकासाहेबांनी विचारलं.

"पाठवायचं ते एफटीपी. आणि हे सगळ्यांना दिसतं ते सांबा."

"सांब? म्हणजे महादेवच बसवलास की कचेरीत."

"बसवलाय खरा," भारती म्हणाली, "प्रसन्न व्हायला मात्र महिना लागला."

वार्ताहरांची बैठक झाली तेव्हा भारतीनं प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्यायचा म्हणून कागद आणले होते. काकासाहेबांनी ते बाजूला सारले. "अगं, पत्रकार आहेत, बँकेचे खातेदार नाहीत. एवढं कोण लक्षात ठेवणार? सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड. सुटसुटीत." वार्ताहरांनी टाळ्या वाजवल्या. भारती दमलेली होती. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.

माझ्या मागचे खण रिकामे झाले. शिपायानं त्यात चहाचे कप ठेवायला सुरुवात केली.

पहिले दोन आठवडे सगळे खूश होते. बातम्या लवकर येत, पान छपाईला लवकर सुटे. आणि माझा रकाना एकदम आटोपशीर झाला. पूर्वी कापून कापून हात दुखायचे, आता दोन-तीनच निधनं, तीही बहुतेक अकोले तालुक्यातली. मी काकासाहेबांना तसं बोलले.

"थंडी आहे, अक्का," ते म्हणाले. "डोंगराकडं म्हातारी माणसं टिकत नाहीत थंडीत." मग हसले. "आणि बाकी जिल्ह्यात संगणक आल्यापासून मरणं कमी झालेली दिसतायत. छापा हे."

मला तेव्हा हसू आलं. काम कमी झालं होतं आणि पायांना आराम होता. खोटं कशाला बोलू.

मग एके दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, एक बाई दारात येऊन उभी राहिली. साठीची असावी. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. उंबऱ्याच्या आत ती येईना.

"आत या की," मी म्हटलं.

"नगं बाई. सुतक हाय मला. हितनंच बोलते." तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "पेपरात मेलेली मानसं तुमीच छापता का?"

"हो. मीच."

"मग आमचं का न्हाई छापलं?"

तिचं नाव झुंबरबाई बोडखे. शेवगावच्या पुढचं गाव. नवरा कोंडीराम, आठवड्यापूर्वी गेला. आमच्या शेवगावच्या वार्ताहराकडं, मच्छिंद्रकडं, त्याच दिवशी तिच्या पुतण्यानं नाव-गाव दिलं होतं. रोज पेपर बघितला, नाव आलं नाही. नवरा गेल्यावर दहा दिवस बाई घर सोडत नाही. ही पहाटेची गाडी धरून नगरला आली होती.

"परवा दहावा हाय," ती म्हणाली. "उद्याच्या पेपरात आलं तर आलं. न्हाईतर संपलं."

"पण गावात, पाहुण्यारावळ्यांत सांगितलं असेल ना तुम्ही?"

"त्यांचं न्हाई वो. धाकल्या दिराचं म्हनते मी. गहिनीनाथ." ती उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. "अकोल्याकडं हाय कुठंतरी, डोंगरात. धरनाच्या कामावर गेलता, मग तिकडंच ऱ्हायला. पत्ता कुनालाच न्हाई. तीन वर्षांमागं आमच्या गावचा एकजन अकोल्याच्या बाजारात भेटला त्याला. त्याला म्हनाला, आपल्याकडचं कोन गेलं, कोन ऱ्हायलं, ते मी पेपरात बघतो. रोज बघतो म्हनाला."

आमचा पेपर एकच निघायचा, जिल्हाभर तोच. शेवगावचं मरण अकोल्यात वाचता येई.

"भांडण झालं होतं का?" मी विचारलं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "थोरल्या लेकीच्या लग्नाला पत्रिका छापली. तिच्यात समद्यांची नावं आली. चुलते, मामे, शेजारी, पार सरपंच. ह्याचं नाव न्हाई. सख्खा चुलता. मांडवात आला, पत्रिका वाचली, आन् तसाच माघारी गेला. जेवला बी न्हाई. त्याला आता वीस-बावीस वर्सं झाली."

"नाव कसं राहिलं?"

"कुनी म्हनतं प्रेसवाल्यानं खाल्लं. कुनी म्हनतं आमच्या मालकानीच दिलं न्हाई. मी कधी इचारलं न्हाई." पदराचं टोक सोडत म्हणाली, "जाताना मातर त्याचंच नाव घेत हुते. म्हून आले."

मी शेवगावला फोन लावला. मच्छिंद्र एसटीडी बूथवर सापडला.

"अक्का, मी पाठवलं की! त्याच दिवशी. रोज पाठवतो."

"मग मला कसं मिळालं नाही?"

"मला वाटलं तुम्ही कापलं. जागा नसंल म्हणून." त्याच्या आवाजात जुनी सवयीची कुरकुर होती. "पूर्वी पण कापायचाच तुम्ही. लोक माझ्या दारात येऊन शिव्या देतात, मी म्हणतो, नगरला कापतात."

"मच्छिंद्र, गेल्या दोन आठवड्यांत मला तुझं एकही निधन आलेलं नाही."

मग तो म्हणाला, "काय सांगता. हिकडं तर रोज दोघंतिघं जातायत."

मी त्याला म्हटलं, कोंडीराम बोडखेंची बातमी पुन्हा पाठव. ती त्याच्याकडं नव्हती. तो रोज कालच्याच फाईलवर आजची नावं टाइप करायचा. नवी फाईल कशाला काढायची, नाव तेच तर द्यायचं.

भारती नुकतीच तंत्रनिकेतनातून आली होती. तिनं पर्स खाली ठेवली नाही, तशीच खांद्यावर घेऊन ऐकलं. मग माझ्या हातातून फोन घेतला.

"मच्छिंद्रकाका, आजची निधनं टाइप केलीत? मग फोन ठेवा आणि आत्ता पाठवा. फाईलचं नाव रोज देता तेच द्या."

"नाव काय, निधन."

"हं. ठेवा फोन."

आम्ही दोघी कंपोझिंगच्या संगणकासमोर बसलो. पडद्यावर 'बातम्या' फोल्डर उघडं. जुन्या संगणकाजवळचा मोडेम शिट्टी घालू लागला, खरखरला, गप्प झाला. फोल्डरात इंग्रजी अक्षरांत 'निधन' अशी एक फाईल उगवली. भारतीनं ती उघडली. शेवगाव तालुक्यातली दोन माणसं होती, एक म्हातारे गुरुजी आणि एक बाई.

"आली की," मी म्हटलं.

"आली. आता थांबा."

दुसरा मोडेम शिट्टी घालू लागला. अकोल्याचा राधाकृष्ण. त्याच्याकडची लाइन डोंगरातून यायची, दोन-तीनदा तुटायची, त्यामुळं त्याचं रोज सगळ्यांत शेवटी असे. पडद्यावर नवं काही उगवलं नाही. फाईल तीच, एकच. फक्त तिच्यापुढची वेळ बदलली. भारतीनं ती पुन्हा उघडली.

अकोले तालुका. तीन माणसं.

"आणि शेवगावची दोन?" मी विचारलं.

"गेली."

"गेली म्हणजे?"

"एकाच नावाची फाईल एकाच जागेत दुसऱ्यांदा आली की पहिली पुसली जाते. सगळे एकाच नावानं आत येतात, एकाच फोल्डरात टाकतात, आणि सगळे फाईलला निधनच म्हणतात. जो शेवटी पाठवेल त्याची माणसं राहतात."

"आणि ते यंत्र विचारत नाही? मेलेल्या माणसावर दुसरं मेलेलं माणूस ठेवायचं का म्हणून?"

"नाही विचारत, अक्का. सांगितलं ते करतं."

ती पडद्याकडं बघत बसली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आमच्या आळीतले एक मामा गेले मागच्या आठवड्यात. जलदान विधीला माणसं आलीच नाहीत. पंचवीस-तीस असतील. मामी म्हणत होत्या, आयुष्यभर सगळ्यांच्या दाराशी गेले, आणि आता कोणी नाही. मी म्हटलं, जग बदललं मामी." तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला. "राहात्याहून बातमी दिली होती. मीच सांगितलं होतं द्यायला."

बाहेर पायरीवर झुंबरबाई बसलेली. भारती उठली, पर्स एकदाची खुर्चीवर टाकली, आणि चहाचा कप घेऊन बाहेर गेली.

"नगं पोरी, सुतक हाय. शिवाशिव व्हईल."

"आमच्यात सुतक पाळत नाहीत, मावशी. घ्या. पहाटेपासून पोटात काही नाही तुमच्या."

झुंबरबाईनं जरा विचार केला आणि कप घेतला.

मग भारतीनं काळा पडदा उघडला. एकामागून एक ओळी लिहू लागली. शेवगाव, अकोले, राहाता, एकेक तालुका. प्रत्येकाला वेगळं नाव, प्रत्येकाला आपापली जागा, दुसऱ्याला तिथं हात लावता येणार नाही अशी. बैठकीत घडी घातलेले कागद अजून तिच्या पर्समध्येच होते. मध्येच मान वर करून तिनं माझ्या मागच्या खणांकडं पाहिलं. शिपायाचे कप होते तिथं. मग परत टाइप करू लागली.

मी एकेका वार्ताहराला फोन लावत होते. नवीन नाव, नवीन पासवर्ड, आणि मागच्या दोन आठवड्यांतली माणसं आठवत असतील तेवढी पुन्हा पाठवा. ज्यांचे विधी अजून व्हायचेत ती आधी.

"अक्का, पासवर्ड परत सांगा."

"तुझ्या तालुक्याचं नाव आणि पुढं नव्व्याण्णव."

"इंग्रजीत?"

"मग काय मोडीत?"

साडेचारला मोडेम शिट्ट्या घालायला लागले ते थांबेनात. एक ठेवतो तोवर दुसरा. फोल्डरात फोल्डरं, आणि प्रत्येकात एक निधन. कंपोझिंगच्या मुली एकेक उघडून जोडत होत्या. रकाना भरला, दुसरा भरला, पान भरलं, आणि अजून माणसं येतच होती.

कोंडीराम बोडखेंची बातमी मी स्वतः लिहायला घेतली. पायरीजवळ खुर्ची ओढली. झुंबरबाई सांगत होती, मी लिहीत होते.

"शेवगाव तालुक्यातील प्रगतशील शेतकरी..."

"प्रगतशील न्हवते वो ते. साधे हुते."

"सगळ्यांना लिहितात तसं."

"मग लिवा." ती पुढं वाकली. "पन त्याचं नाव येऊ द्या. गहिनीनाथचं. भाऊ म्हून."

आमच्या बातमीत 'अमुक यांचे ते बंधू होत' हे वाक्य सगळ्यांच्या वाट्याला येत नसे. अमुक म्हणजे माजी सभापती, कारखान्याचा संचालक, मोठा व्यापारी. साध्या माणसाला 'पश्चात पत्नी, दोन मुली असा परिवार आहे' इतकंच. मी शेवटी लिहिलं: गहिनीनाथ बोडखे यांचे ते थोरले बंधू होत.

काकासाहेब पान बघायला आले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"अक्का, हे काय? लढाई झाली का जिल्ह्यात?"

मी सांगितलं. ते भारतीकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. सुटसुटीत हा शब्द त्यांना आठवला असावा, कारण ते घाईनं पानाकडं वळले. लाल पेन काढलं.

"सगळ्यांना दोन-दोन ओळी. नाव, गाव, विधीची तारीख. बाकी कापा. हे बोडखे... गहिनीनाथ बोडखे कोण?"

"भाऊ."

"तो कळला. पण कोण आहे कोण? नाही ना कोणी? मग कापा की. एकाला ठेवलं तर सगळ्यांना ठेवावं लागेल."

"बाकीच्यांना दोन-दोन ओळी करते मी. ही ओळ राहू द्या."

"जागा कुठंय?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जागा खरंच नव्हती. मी पानावर नजर फिरवली. खाली उजव्या हाताला राशिभविष्य होतं, रोज असे तसं, चौकटीत.

"हे काढते," मी म्हटलं.

"भविष्य? अक्का, लोक पेपर त्याच्यासाठी घेतात."

"एक दिवस."

"फोन येतील."

"मी घेईन."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि गेले. होही म्हणाले नाहीत, नाहीही. पान सुटलं. त्या दिवशी नगर जिल्ह्यात बाराही राशींना भविष्य नव्हतं.

झुंबरबाईला मी सहाच्या गाडीत बसवून दिलं. छापायचं अजून बाकी होतं, त्यामुळं दाखवायला काही नव्हतं. तिनं विचारलंही नाही. फक्त खिडकीतून म्हणाली, "नाव नीट लिवलं ना? गहिनीनाथ. लोक गैनी म्हनत्यात, पन तसं नगं."

"नीट लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी फोन आले. सगळे भविष्यासाठी. एका गृहस्थांनी तर मला सांगितलं की त्यांचं घराच्या सौद्याचं अडलंय, वृश्चिक आहे. निधनांबद्दल एकही फोन नाही. भारती संध्याकाळी आली, फोल्डरं उघडून प्रत्येक तालुक्याची जागा तपासली, वेळा पाहिल्या, आणि खुर्चीत तशीच मान टाकून पडली. मी तिला उठवलं नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी शेवगावहून फोन आला. मच्छिंद्र होता.

"अक्का, आला होता."

"कोण?"

"गहिनीनाथ. पहाटेच्या पहिल्या गाडीनं उतरला, सरळ नदीवर गेला. कुणी ओळखलंच नाही आधी, पार पिकलेला माणूस. हातात पेपरची घडी. न्हाव्यापुढं जाऊन बसला, डोकं पुढं केलं. न्हाव्यानं विचारलं, तुम्ही कोण त्यांचे? तर पेपर दाखवला."

"मग?"

"मग काय. केस दिले, आंघोळ केली, पंगतीत बसला. झुंबरबाईंनी वाढलं, ते जेवला. बोलले नाहीत फार कोणी. दुपारच्या गाडीनं गेला परत. त्याला तिकडं म्हशी आहेत म्हणे, राहता येत नाही."

मी खुर्चीवर बसले.

"आणि एक काम सांगितलंय तुम्हाला," मच्छिंद्र म्हणाला. "त्या दिवशीचा पेपर पाहिजे झुंबरबाईंना. गावात एक आला होता, त्याच्यात कुणीतरी भजी बांधली. गहिनीनाथचा त्या मागत होत्या, पण त्यानं दिला नाही. घडी करून खिशात घातला आणि घेऊन गेला."

मी कपाटातून त्या दिवशीचा अंक काढला. घडी केली, एका जुन्या पाकिटात घातला. अशी पाकिटं ढीगभर उरली होती. दुपारी गुडघे सांभाळत माळीवाड्याला गेले. शेवगावची गाडी उभी होती. ओळखीचा कंडक्टर तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन बसला होता.

"अक्का? पाकिटं बंद झाली ना तुमची? संगणक आलाय म्हणतात."

"झाली. एवढं एक शेवगावला द्या. मच्छिंद्र घेईल."

त्यानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. कोपऱ्यात मी काही लिहिलं नव्हतं.

"कशाचं लिहू?" त्यानं कानामागचं पेन काढत विचारलं. त्यालाही सवय होती.

मी क्षणभर विचार केला. मग म्हटलं, "झुंबरबाई बोडखे लिहा. पूर्ण नाव लिहा. गावही लिहा."

त्यानं लिहिलं, पाकीट पेटीखाली सरकवलं आणि घंटी मारली.